जमिनीवरची दुपार

जमिनीवरून आपलीच खोली निराळी दिसते, हे बकुळाला त्या दुपारी कळलं. परळच्या या खोलीत तिचा संसार झाला, मुलं झाली, खाणावळ झाली, नवरा इथूनच गेला. पण भांड्यांच्या फळीची खालची बाजू तिनं कधी पाहिली नव्हती. तिथं एका कोपऱ्यात कुणीतरी, बहुतेक धाकट्या रघूनं लहानपणी, खडूनं होडी काढून ठेवली होती. इतकी वर्षं होडी डोक्यावर आणि आपल्याला पत्ता नाही, याचं तिला पडल्यापडल्या हसू आलं.

पडणं तसं मोठं नव्हतं. मोरीतून तांब्या भरून आणताना ओलं पाऊल लुगड्याच्या काठात अडकलं, ती बसली आणि बसली ती आडवी झाली. कमरेत कळ आली, पण बोंब मारावी अशी नाही. एवढ्याशानं काय होतंय, म्हणून ती उठायला गेली तर पाय उठेनात. बोटं हलत होती, टाचा खाली टेकत होत्या, फक्त ऊठ म्हटलं की पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे गप्प राहात. हाताचा रेटा द्यावा तर कोपर ओल्या फरशीवरून सरकत होतं. तांब्यातलं पाणी सावकाश पसरत तिच्या पाठीखाली आलं आणि लुगडं गार झालं.

पालथं होऊन रांगत खाटेपर्यंत जाता आलं असतं. खाटेच्या पायाला धरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून उभं. हे तिला तेव्हाच सुचलं होतं. पण दार अर्धं उघडं होतं आणि बाहेर गॅलरी. बकुळाबाई खाणावळवाली, जिच्यासमोर निम्म्या गल्लीतले पुरुष पानात काही टाकायला भीत, ती चार पायांवर रांगताना कुणाच्या दृष्टीस पडली असती तर? त्यापेक्षा पडून राहिलेलं बरं. नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाईचं हे असं असतं, प्रसंग आला तरी नाकच आधी सांभाळायचं.

थोरला दगडू नाक्यावरच्या सभेला गेला होता. त्याची बायको मालन गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, कमलाबाईच्या खोलीत. बकुळानं दोन हाका मारल्या. त्या दारापर्यंतही पोचल्या नसाव्यात. मग तिचा हात फळीखाली उभ्या करून ठेवलेल्या पितळी थाळीला लागला. शेजारी पळी होती.

खाणावळ बंद होऊन आता काही वर्षं झाली होती, पण हाताला सवय होती. भात उतरला की दारात उभं राहून थाळीवर पळी वाजवायची, की गाळ्यागाळ्यातून कोकणातली सडी माणसं खाली मान घालून जेवायला येत. तिच्या सगळ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं की तिनं थाळी वाजवली आणि माणसं आली नाहीत. तिनं थाळी छातीवर घेतली आणि वाजवायला लागली.

गॅलरीत एक दार वाजलं. आलं कुणीतरी, असं तिला वाटलं. मग दुसरं दार वाजलं, तिसरं वाजलं, वरच्या मजल्यावर कुणी धावलं, कडी लागली. खालच्या गल्लीतून पळणाऱ्या पावलांचा आवाज जिन्यात शिरला आणि तिथंच विरला. स्टोची घरघर थांबली. बघता बघता सगळी चाळ चिडीचूप झाली, आणि तेव्हा कुठे बकुळाच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी त्या जानेवारीत आली आणि गिरणगाव पेटलं. गिरण्या बंद, रस्त्यात दगड, गोळीबार, संचारबंदी. पुरुष सभा घेत होते आणि बायकांनी आपली एक रीत काढली होती. नाक्यावर पोलिसांची गाडी ज्या बाईला दिसेल तिनं थाळी वाजवायची. थाळी ऐकली की चाळीनं दारं लावायची, रस्त्यातल्या पोरांना मिळेल त्या दारात ओढून घ्यायचं आणि सगळं निवळेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. ही रीत काढणाऱ्यांत बकुळाची सून मालनच पुढे होती. बकुळाला ती ठाऊक होती. पण जमिनीवर पडलेल्या माणसाला आधी जुनं आठवतं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी तशी थोड्या वेळानं खरोखरच पोलिसांची गाडी आली. रिकाम्या गल्लीतून सावकाश गेली, वळली, परत गेली. बकुळा श्वास रोखून पडली होती. ऊन गॅलरीच्या कठड्यातून आत आलं होतं आणि फरशीवर पट्टे पट्टे झाले होते. एक पट्टा तिच्या हातावर होता. तो उबदार होता आणि हळूहळू वर चढत होता.

मग माणसं आली. दारातून नाही, नुसतीच आली. भिंतीला लागून ओळीनं बसली, केसात कापसाचं पिंजण, हात धुतलेले. नवरा दत्ताराम नेहमीसारखा शेवटी बसला, सगळ्यांचं झाल्याशिवाय तो पानावर बसत नसे. वाढ गो, तो म्हणाला. उठूक येणा नाय, ती म्हणाली. असूंदे, मगे पडान वाढ, तो म्हणाला, आणि तिला ते अगदी बरोबर वाटलं. ती पडल्यापडल्या वाढत राहिली. भात संपत नव्हता. कुणी तिला उठायला सांगत नव्हतं, ते तिला फार बरं वाटलं.

दिवेलागणीला मालन आली तेव्हा सासू छतावर डोळे लावून हसत पडली होती.

"आये, कधी पडलात तुमी?"

"पाणी दी गो," बकुळा म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून चाळीत बकुळाबाईचा जयजयकार सुरू झाला.

कमलाबाई ओटी भरावी तसा नारळ घेऊन आली आणि खाटेच्या पायथ्याशी बसून तिनं सगळ्यांना गोष्ट सांगितली. म्हातारीला आधी गाडी दिसली. तरण्याताठ्यांना दिसली नाही, हिला दिसली. थाळी अशी वाजवली की वरच्या मजल्यावरची पोरं एका उडीत आत. आणि धावपळीत पाय घसरून पडली बिचारी, पण पोरं वाचवली. सांगताना कमलाबाईचे डोळे भरून येत आणि पदर डोळ्यांना लागे. वाचलेल्या पोरांपैकी एक तिचाच होता, त्यामुळे गोष्टीला दर वेळी थोडी भर पडत होती.

बकुळा उशीला टेकून ऐके. नाही म्हणत नसे, हो म्हणत नसे. नारळ मात्र जवळ ठेवून घेई.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचं सांगितलं होतं. शेक, लेप, विश्रांती. काही दिवसांत धरून उठवलं की ती उभी राही, धरून धरून मोरीपर्यंत जाई. पण मालनला झोप लागत नव्हती. त्या दुपारी कमलाबाईच्या बंद दाराआड ती बसली होती आणि तिनं तो आवाज ओळखला होता. आपल्या घरातल्या जाड पितळी थाळीचा आवाज, दुसऱ्या कुणाच्या थाळीचा तसा लागत नाही. आमच्या आयेन वाजवली, असं तिनं कमलाबाईला अंधारात सांगितलंसुद्धा होतं, आणि तिची छाती फुगली होती. आता तिला राहून राहून एकच प्रश्न पडे. खोलीतून नाका दिसतच नाही. गॅलरीच्या पार टोकाला गेल्याशिवाय दिसत नाही. मग थाळी खोलीत आणि म्हातारीही खोलीत, ते कसं?

तिनं विचारलं नाही. काही प्रश्न विचारले की उत्तर घ्यावं लागतं, आणि मालनची तयारी नव्हती.

संचारबंदी उठल्यावरच्या रविवारी रघु आणि मृणालिनी माटुंग्याहून ट्रामनं आले. रघु कचेरीत नोकरीला होता आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेला होता. मृणालिनी शाळेत शिकवत होती. त्यांनी चाळ सोडल्यापासून मालन जावेशी जेवढ्यास तेवढं बोले. आपल्याला मागे टाकून ही दोघं वर चढली, असं तिच्या मनानं घेतलं होतं, आणि मृणालिनीनं तिळगुळाचा डबा पुढे केला तेव्हा तिनं तो न उघडताच फळीवर ठेवून दिला.

मृणालिनीच्या ते लक्षात आलं. सगळंच तिच्या लक्षात येई, ती फक्त बोलत नसे. या खोलीत आली की तिला वाटे आपण कुणाच्या तरी स्वप्नात शिरलोय आणि आपल्याला त्यातली भाषा नीट येत नाही. वासच निराळा होता इथला, खोबऱ्याचा, ओल्या फरशीचा, जुन्या लाकडाचा. भिंतीवर ओळीनं डोक्यांचे तेलकट डाग होते. जेवायला बसलेली माणसं टेकत, त्यांचे. माणसं कधीच गेली, डाग तसेच बसलेले. लग्नानंतर पहिल्या दिवशी सासूनं तिला त्या भिंतीसमोर उभं करून सांगितलं होतं, ही सगळी माझी पोरा. तेव्हा मृणालिनी घाबरली होती. आजही थोडी घाबरतच होती.

"आता काय ते ठरवूया," दगडू म्हणाला. तो दाराशी उकिडवा बसला होता. गिरणी बंद असली की त्याला हातांचं काय करायचं ते कळत नसे. "मी गावच्या चुलतभावाला, कोंडीरामाला, न्यायला ये म्हणून निरोप धाडलाय. गावाला घर आहे, अंगण आहे, शेजारपाजार आहे. इथं आज गोळी, उद्या आणखी काय. आये गावाला राहील."

"गावाला डॉक्टर आहे का, दादा?" रघु म्हणाला. "कोंडीरामभाऊ दिवसभर शेतात. आईला मी नेतो. माझ्याकडे दोन खोल्या आहेत."

"आणि तुमच्या दोन खोल्यांत दिवसभर कोण असतं?" मालन म्हणाली.

रघूनं बायकोकडे पाहिलं. मृणालिनीचा चेहरा तापला. तिला सासू नको होती असं नाही. पण सकाळी दोघं बाहेर पडली की दार बंद, आणि माटुंग्याच्या दारांमागे कोण पडलं, कोण उठलं हे शेजारच्यांना कळत नाही. आपण संध्याकाळी कुलूप उघडू आणि आत काय असेल, या विचारानं ती दोन रात्री जागी होती. ते कसं सांगायचं? सांगितलं तर नको म्हटल्यासारखंच.

"भाऊजी म्हणतात ते बरोबर आहे," ती खाली बघत म्हणाली. "गावाला निदान माणसं असतात."

रघूला हे नवीन होतं. येताना ट्राममध्ये ती काहीच बोलली नव्हती. आणि मालनला वाटलं, बघा, टाळलीच शेवटी.

"मग इथं काय माणसं नाहीत?" मालन म्हणाली. "मी काय मेलेय?"

"तू कुठं होतीस त्या दिवशी?" दगडूचा आवाज चढला. इतके दिवस तो नाक्यावर आईचं कौतुक ऐकून घेत होता, घरी येऊन खाटेकडे बघत होता. "थाळ्या वाजवायची टूम कुणाची? तुझी आणि त्या कमलाबाईची. सत्तरीच्या म्हातारीला पहाऱ्याला लावलीत. ती धावली, पडली, आणि तू शेजारणीकडे दार लावून बसलीस."

मालन भांडकुदळ म्हणून चाळीत प्रसिद्ध होती, एकाला दोन देणारी. पण आज ती भिंतीवरच्या एका डागाकडे बघत राहिली, आणि तिचे डोळे भरत गेले. मृणालिनीनं ते पाहिलं आणि तिला स्वतःच्या मघाच्या वाक्याची लाज वाटली.

"दगडू," खाटेवरून आवाज आला.

इतका वेळ बकुळा डोळे मिटून पडली होती. आपल्याबद्दल बोलणं चाललं की ते दुरून, पाण्यापलीकडून आल्यासारखं वाटायला लागलं होतं तिला अलीकडे. गावाक, माटुंग्याक, होड्या नुसत्या इकडून तिकडे. पण सुनेवर आळ आला तशी ती जागी झाली. नारळ, कौतुक, सगळं हातचं जाणार हे तिला कळत होतं. बोललो तर आपलीच बाजू पडणार हेही कळत होतं.

"तिका बोलू नको. मी पोलिसांची गाडी बघूकच नाय. माका हंयसून खंय दिसतली? मी आधी पडलंय. पडान होतंय, उठूक येणा नाय, म्हणान थाळी वाजवलंय. तुमका बोलवूक."

दगडू उकिडवा होता तो उभा राहिला.

"सवय ती. थाळी वाजवली की माणसा येतत," बकुळा म्हणाली. "त्या दिवशी दारां लागली. चूक माझी. गाडी इली ता नशीब पोरांचा."

जे मालनला ठाऊक होतं आणि जे तिला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं ते समोर आलं होतं. आये बोलावत होती आणि तिचीच हाक ऐकून आपण कडी लावली. ती कडी तिच्या हाताला अजून लागत होती.

दगडूनं फरशीकडे पाहिलं. मग हळू म्हणाला, "म्हणजे दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. आणि कोणी येवक नाय." त्याला नुसतं ते चित्र दिसत होतं. ओली फरशी, आई, आणि सगळी चाळ घरात असून एकही माणूस नाही. "मगे तर बोलणाच खुंटला. गावाकच जावचा. मी तुका हंय ठेवचंय नाय, आये. माका भीती वाटता."

"मला पण," रघु म्हणाला. आता दोघे भाऊ एका बाजूला झाले होते. माटुंग्याचं नाव त्यानंही काढलं नाही.

"गावाक माझा कोण आसा रे?" बकुळा म्हणाली. "माका वळखणारी सगळी गेली. थंय मी दगडूची आवस, बस. हंय गल्लीत कोणाकय इचार, बकुळा कोण ती. माका हंयच रवूचा आसा आणि हंयच मरूचा आसा. एवढा एकच मागतंय."

"मागून काय होतंय? परत पडलीस तर?"

"परत पडलंय तर उठान दाखवतंय."

"आये, हट्ट नको."

"हट्ट नाय. माका खाली ठेवा, त्या दिवशी होतंय तशी. कोणी हात लावूचो नाय. माझी मी उठलंय तर हंय रवतलंय. नाय उठलंय तर गाडीत बसवा, एक शब्द बोलूचंय नाय."

रघूला हा वेडेपणा वाटला. तो तसं म्हणालाही. पण दगडूनं आईकडे पाहिलं आणि त्याला कळलं की याशिवाय ही बाई गाडीत चढणार नाही, आणि चढली तरी त्याला आयुष्यभर क्षमा करणार नाही. ठीक आहे, तो म्हणाला. मनात म्हणाला, उठायची नाही, आणि मग निदान भांडण तरी मिटेल.

दोघांनी तिला काखेत धरून खाली घेतलं आणि फरशीवर आडवं केलं. किती हलकी झालीये, रघूच्या मनात आलं. दुपार तशीच होती, ऊन तसंच कठड्यातून आलेलं. मुलगे दोन्ही बाजूंना उभे राहिले, सुना पायथ्याशी. बकुळानं एक हात टेकला, कूस बदलली, आणि थांबली. तिचं लुगडं पोटरीपर्यंत सरकलं होतं आणि ती ते ओढून खाली घ्यायला बघत होती. पुन्हा हात टेकला, पुन्हा लुगडं ओढलं. उठण्यापेक्षा तिचं लक्ष झाकण्यातच होतं.

मालनच्या ते ध्यानात आलं. इतक्या वर्षांत सासूला ती जेवढी ओळखत होती तेवढी पोटची मुलंही ओळखत नव्हती.

"तुमी दोघांनी भिंतीकडे तोंड करा," ती म्हणाली.

"का?"

"करा म्हणते ना. आणि सांगितल्याशिवाय वळायचं नाही."

दगडू वळला. रघूही शेजारी येऊन वळला. समोर भिंत आली, डोक्यांच्या डागांची.

या भिंतीशी दगडूची जुनी ओळख होती. लहानपणी आई मोरीत अंघोळीला बसली की बाबा दोघा भावांना इथंच तोंड करून बसवत. एकच खोली, दुसरं करणार काय? रघु तेव्हा डागांना नावं द्यायचा, हा मामा, हा बुधाजी, आणि मागे पाण्याचा आवाज येत राहायचा. पाण्याचा आवाज येतोय तोवर आई आहे, अशी दगडूची समजूत होती. आवाज थांबला की त्याला वाटे आता मागे बघावं, आणि बघायचं नाही हेही ठाऊक असे. आज त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते आणि त्याला अगदी तसंच वाटत होतं.

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग फरशीवर गुडघा टेकल्याचा बारीक आवाज. म्हणजे ती पालथी झाली होती. तळहात सरकला, लुगडं घासलं, गुडघा, पुन्हा गुडघा. आई रांगत होती. त्यानं डोळे मिटून घेतले. खाट कुरकुरली, तिनं पायाला धरलं असावं. मग एक लांब कण्हणं आलं, मध्येच तुटलं, आणि काहीतरी मऊ खाली बसल्यासारखं झालं.

शांतता झाली.

ती पुष्कळ लांबली. कुणी तरी रडत होतं का, की तो आईचाच श्वास होता? खाली गल्लीत सायकलची घंटी वाजत गेली. नाही उठत, दगडूच्या मनात आलं, आणि त्याला वाटलं होतं तसं मुळीच सुटल्यासारखं वाटलं नाही. वाटलं की आपण आता पोरके झालो. वळून तिला उचलून घ्यावं, खड्ड्यात गेलं ते गाव नि बिव, म्हणावं सगळ्यांना. तो वळणार, तेवढ्यात बांगड्या वाजल्या.

काचेच्या होत्या. संक्रांतीला भरलेल्या, हिरव्या. हा आवाज तो झोपेतसुद्धा ओळखत होता, रात्रपाळीहून येऊन पडला की याच आवाजात त्याची सकाळ होई. मालन. आणि लगेच दुसऱ्या अंगानं दुसऱ्या बांगड्या वाजल्या, सोन्याच्या पाटल्यांवर काच आपटल्यासारख्या, जड. त्या त्याच्या ओळखीच्या नव्हत्या, पण या घरात पाटल्या एकीच्याच हातात होत्या. दोन्ही आवाज एकदम खालून वर गेले.

आईच्या हातात बांगड्या नव्हत्या. बाबा गेले तेव्हापासून नव्हत्या.

रघूनंही ऐकलं होतं. त्यानं मान वळवून भावाकडे पाहिलं, तोंड उघडलं. दगडूनं त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला. ओल्या फरशीवर एकटी पडलेली आई इतके दिवस त्याला दिसत होती, ती आता तशी दिसेना. तिच्या दोन बाजूंना दोन जणी वाकलेल्या दिसायला लागल्या, ज्या मघापर्यंत एकमेकींच्या तोंडाकडे बघत नव्हत्या.

"वळा," आईचा आवाज आला. तो खालून नाही, वरून आला.

ते वळले. बकुळा खाटेच्या काठाला एक हात टेकून उभी होती, पदर नीट, चेहरा घामानं भिजलेला. मालन मोरीपाशी उगाच तांब्या विसळत होती. मृणालिनी पार दाराजवळ गेली होती आणि गॅलरीकडे बघत धापा टाकत होती. तिच्या मनगटावर फुटलेल्या काचेचा बारीक ओरखडा होता.

बकुळानं थोरल्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि थांबून राहिली. खोटं बोलायची तिची तयारी दिसत होती, आणि खरं ऐकून घ्यायचीही.

"काय रे?" ती म्हणाली.

"काय नाय," दगडू म्हणाला. "कोंडीरामाक उद्या कळवतंय, येव नको म्हणान. तू आपली आपण उठलीस, आये. मी ऐकलंय."